आप्पांची वाफेची गाडी आणि उटीचा बाजार

उटीला जायचं आमच्या घरात तीन वर्षं चाललं होतं आणि दरवेळी काहीतरी राहायचं, पण यावेळी आप्पांनी पंच्याहत्तरीत पाऊल टाकलं आणि मी ठरवलं की आता जायचंच, आणि कारने वगैरे नाही, वाफेच्या गाडीने वर चढायचं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं लहानपण मिरजेत गेलं, घर स्टेशनापासून जवळ, तेव्हा मिरजेला पुण्याकडची मीटर गेज आणि पंढरपूरकडची बार्शी लाइट नॅरो गेज, सगळी वाफेची इंजिनं. शाळा सुटली की दप्तर घेऊनच ते लोको शेडच्या कुंपणाशी जाऊन उभे राहायचे हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलांनापण पाठ आहे. पण मुलांनी इंजिन बघितलेलं ते बागेत रंग देऊन उभं केलेलं, चालू नाही, त्यामुळे आप्पा सांगायचे तेव्हा ती ऐकायची पण डोळ्यासमोर काही यायचं नाही त्यांच्या.

आधी बुकिंगचं सांगते कारण तिथेच पहिल्या वेळी आमची फसगत झाली होती. गेल्या वर्षी एका ट्रॅव्हलवाल्याला सांगितलं की उटीच्या टॉय ट्रेनची तिकिटं पाहिजेत, वाफेची, आणि त्याने हो हो करून कुन्नूर ते उटीची तिकिटं काढली. नशीब की मी जायच्या आधी बघितलं, कारण कुन्नूर ते उटी हा जो वरचा तुकडा आहे तिथे डिझेल इंजिन लागतं, वाफेचं इंजिन फक्त खालच्या मेट्टुपाळयमपासून कुन्नूरपर्यंत असतं. आप्पांना तिथवर नेऊन डिझेल दाखवलं असतं तर ते काही बोलले नसते, पण मला फार लागलं असतं. ती ट्रिप रद्दच केली. यावेळी मी स्वतः बसले, रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, मेट्टुपाळयम ते उदगमंडलम अशी स्टेशनं टाकायची (उटीचं रेल्वेतलं नाव उदगमंडलम आहे हे लक्षात ठेवा), सकाळी ७:१० ची गाडी. पहिल्या दिवशी हुकलं, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं मिळालं, पाच सीट सेकंड क्लासच्या.

आणि तारीख निवडताना पाऊस बघा. मला दिवाळीची सुट्टी सोयीची होती पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे परतीचा मान्सून जोरात असतो, दरडी कोसळून हा मार्ग दरवर्षी काही ना काही दिवस बंद राहतो. म्हणून आम्ही २६ जानेवारीच्या सुट्टीला शाळेची दोन दिवस रजा जोडली.

पुण्याहून कोइमतूरपर्यंत रेल्वेने, तिथून पॅसेंजरने तासाभरात मेट्टुपाळयम, रात्री तिथेच मुक्काम. हे मी मुद्दाम केलं, सकाळी धावपळ नको. चेन्नईहून येणारी नीलगिरी एक्सप्रेस सकाळी तिथेच येते आणि बरेच लोक तिच्यातून उतरून थेट समोरच्या छोट्या गाडीकडे पळत येतात, आम्ही मात्र साडेसहालाच प्लॅटफॉर्मवर होतो, अजून अंधारच होता, आणि आप्पा नव्हते. म्हणजे होते, पण आमच्यासोबत नव्हते. नवरा म्हणाला बाथरूमला गेले असतील, मी म्हणलं नाही, इंजिन कुठेय ते बघ. गाडीच्या मागच्या टोकाला होते.

मागच्या टोकाला, कारण चढावर हे इंजिन गाडी ओढत नाही, ढकलतं. कायम उताराच्या बाजूला राहतं, म्हणजे एखादा डबा सुटला तरी तो खाली धावत जाणार नाही, इंजिनावर टेकेल. त्यामुळे खूप लोक पुढे पळतात आणि इंजिन बघायचंच राहून जातं त्यांचं. निळं इंजिन, बॉयलर तापलेला, खालून वाफ निघतेय, आणि फायरमन तेलाची बुधली घेऊन एकेका सांध्यावर तेल सोडतोय. आप्पा कोळसा शोधत होते. मला म्हणाले, "कोळसा कुठंय गं?" आमच्या दिवशीचं इंजिन तेलावर पेटवायचं होतं, वास वेगळा येत होता, रॉकेलसारखा थोडा. त्यांचा चेहरा जरा पडला हे मला दिसलं. मग त्या इंजिनाने सेफ्टी व्हॉल्व्हमधून एकदम वाफ सोडली, एवढा मोठा आवाज झाला की धाकट्याने माझा हात घट्ट धरला, आणि आप्पा हसले, अगदी मोकळे, आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

गाडी सुटली. पहिले सात-आठ किलोमीटर सपाट आहेत, भवानी नदीवरचा पूल, नारळ, मग कल्लार आणि तिथे दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, नवरा कोकणातला, तो म्हणाला हे तर आपलं गुहागर. इथपर्यंत साधी मीटर गेज आहे. कल्लारच्या पुढे मात्र दोन रुळांच्या मध्ये तिसरी गोष्ट सुरू होते, दात्यांची पट्टी, आणि हिच्यासाठी इथे यायचं. भारतात दात्यांवर चढणारी रेल्वे ही एकच. आबट नावाच्या स्विस इंजिनियरची पद्धत आहे, एक नाही तर दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि एकीचा दात जिथे असतो तिथे दुसरीची खाच येते, म्हणजे इंजिनाखालचं दातेरी चाक कधीही पूर्ण सुटं होत नाही, एक ना एक दात धरून असतोच. मोठीला हे कसं समजावं कळेना, मग आप्पांनी आपल्या दोन हातांची बोटं दाखवली, एक पंजा दुसऱ्याच्या थोडा पुढे सरकवून, आणि तिला लगेच कळलं. चढ कुठे कुठे १२ फुटाला १ फूट एवढा आहे. आपल्या खंडाळ्याच्या घाटात इंजिनं लागतात मागून ढकलायला, पण तिथला चढ ३७ ला १, म्हणजे हा तिप्पट.

आमचा डबा अगदी इंजिनाला लागून होता, निव्वळ नशीब, मी तसं काही निवडलं नव्हतं. मुलं आधी हिरमुसली कारण पुढच्या डब्यातून समोरचा रूळ दिसतो. पण कल्लारनंतर गाडीने दाते धरले आणि आवाजच बदलला. आप्पा डोळे मिटून बसले होते, त्यांनी बोट वर केलं, "ऐका." आधी एकच ठेका होता, आता त्याच्यावर दुसरा चढला, जरा घाईचा. या इंजिनाला चार सिलिंडर असतात, खालचे दोन नेहमीची चाकं फिरवतात आणि त्यांच्यातून बाहेर पडलेली वाफ फुकट न घालवता वरच्या दोन सिलिंडरात जाते आणि ते दातेरी चाकं फिरवतात. सपाटीवर वरचे गप्प असतात, चढ आला की जागे होतात. हे मी जायच्या आधी वाचलं होतं पण आप्पांनी नुसतं ऐकून सांगितलं, "एका बॉयलरवर दोन इंजिनं चाललीयेत बघ." मला खरंच अंगावर काटा आला.

मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. गाडी एवढी हळू जाते की रुळाकडेच्या झाडाची पानं मोजता येतील, ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास, आणि मधल्या मधल्या खिंडीत दरी अशी एकदम पायाखाली उघडते की आपण श्वास धरतो. १६ बोगदे आहेत, लहान पूल तर अडीचशे. बोगद्यात वाफ आत येते, काचेवर बारीक थेंब धरतात, पोरं ओरडतात, सगळ्या डब्यातली, आणि बाहेर आलं की सगळे एकमेकांकडे बघून हसतात, ओळख नसताना. प्रत्येक डब्याच्या पुढच्या गॅलरीत एक ब्रेकवाला उभा असतो, ड्रायव्हर मागे असल्यामुळे त्याला समोरचं दिसत नाही, तर सगळ्यात पुढचा ब्रेकवाला झेंडी दाखवतो आणि ती डब्याडब्याने मागे येते. आमचा ब्रेकवाला पन्नाशीचा असेल, वळणावर अर्धा बाहेर झुकून पुढची हिरवी झेंडी बघायचा आणि आपली हलवायचा, एका हातात ब्रेकचं चाक. धाकटा सगळा वेळ त्यालाच बघत होता. १८९९ साली ही गाडी कुन्नूरपर्यंत सुरू झाली आणि १९०८ ला उटीपर्यंत पोचली, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण तो माणूस झेंडी हलवताना बघितला की यादीबिदी काही डोक्यात राहत नाही, तो काम करत होता आणि त्याच्या कामावर आम्ही सगळे वर चाललो होतो.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं. इथे सगळे उतरतात, चहा-वडे मिळतात, आणि माकडं फार. आईच्या पद्धतीचे बेसनाचे लाडू मी करून नेले होते, डबा जरा उघडला न उघडला तोच एका माकडाने वरचा लाडू उचलला आणि छपरावर जाऊन शांतपणे खाल्ला. खायचं काही असेल तर डब्यातच, खिडकी लावून खा, मुलांच्या हातात देऊ नका.

आप्पा इथेही इंजिनाशी. पाण्याचा जाड पाइप टाकीत सोडलेला, फायरमन वर उभा, ड्रायव्हर खाली उतरून हाताने प्रत्येक बेअरिंगला स्पर्श करत चाललाय, तापलंय का बघायला, हाताची मागची बाजू लावून, आपण ताप बघतो तसं. आप्पांना तमिळ येत नाही आणि त्या दोघांना मराठी नाही, हिंदी दोन्हीकडून तोडकी, पण "इंजेक्टर", "प्रेशर", "गेज ग्लास" एवढ्या शब्दांवर त्यांचं दहा मिनिटं व्यवस्थित चाललं होतं. ड्रायव्हरने त्यांना पाण्याच्या पातळीची काच बोटाने दाखवली, चढावर बॉयलरच तिरका होतो तर पाणी एका बाजूला जातं, त्यामुळे या काचेवर सारखी नजर ठेवावी लागते, एवढं मला खुणांवरून कळलं. शिट्टी झाली, आप्पा आले, जागेवर बसले आणि खिशातून रुमाल काढून हात पुसत म्हणाले, "चांगली माणसं आहेत." बस.

पुढे धुकं लागलं आणि चहाचे मळे. स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा, तळाला नको, मेट्टुपाळयमला घाम येत होता आणि कुन्नूरला मुलांचे दात वाजत होते. कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. आप्पा ते सुटेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभे राहिले. ते हळूच मागे सरकत शेडकडे गेलं, वाफेत अर्धं दिसेनासं झालेलं, आणि आप्पा मान वळवून बघत राहिले, आम्ही हाका मारल्या तेव्हा आले. पुढचा तुकडा पण सुंदर आहे, वेलिंग्टनची छावणी, अरवंकाडूचा दारूगोळा कारखाना, केट्टीची दरी, लव्हडेल, पण खरं सांगायचं तर कुन्नूरनंतर आमच्यापैकी कोणीच धड बाहेर बघत नव्हतं, भूक लागली होती.

उटीला बाराच्या सुमाराला पोचलो. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, परतीची गाडी दुपारी दोनला असते. त्याच दिवशी परतायचं ठेवलं तर उटीत हातात दोन तास सुद्धा नाहीत, जेवण होईल फक्त. बाजार बघायचा असेल तर मुक्काम करा.

आणि बाजार बघाच. लोक बोटॅनिकल गार्डन करतात, लेक करतात, आणि बाजारात जातच नाहीत. आम्ही जेवून दोन तास झोपलो आणि चारला मार्केटमध्ये गेलो, म्युनिसिपालिटीचं जुनं मोठं मार्केट आहे, आत गल्ल्या गल्ल्या, एका गल्लीत नुसती भाजी, दुसरीत फुलं, तिसरीत चहा नि मसाला. गाजरं! आपल्याकडे हलव्याची लाल लांब गाजरं असतात ती नाही, आखूड केशरी, पाल्यासकट जुड्या बांधलेल्या, धुऊन अशी रचलेली की दिव्याखाली पेटल्यासारखी दिसत होती. मी एक जुडी घेतली आणि तिथेच पुसून मुलांना दिली, घरी गाजराला तोंड न लावणारा धाकटा तीन खाऊन मोकळा झाला. बीट, मुठीएवढे बटाटे, लाल कोबी, सेलरी, लीक, आपल्याकडे ज्याला इंग्लिश भाजी म्हणतात ती इथे ढिगाने, कारण ब्रिटिशांच्या काळापासून या डोंगरात हीच पिकवतात. एक आजी लसूण विकत होत्या, तिकडे म्हणतात मलै पूंडु, म्हणजे डोंगरातला लसूण, त्यांनी एक पाकळी ठेचून माझ्या नाकाशी धरली, डोळ्यात पाणी आलं. मी "एव्वळवु?" म्हणलं, म्हणजे कितीला, तेवढं एकच शिकून गेले होते, तर त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी पुढे दोन मिनिटं मला तमिळमध्ये सगळं सांगितलं. मी मान हलवत राहिले आणि अर्धा किलो घेतला.

पुढे तेलाची दुकानं. मोठीने वास घेतला आणि म्हणाली आई हे तर निलगिरीचं तेल. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती थांबली. आपण मराठीत त्या झाडालाच निलगिरी म्हणतो ना, झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, पण ब्रिटिशांनी ते जळणासाठी या डोंगरात लावलं आणि आपल्याकडे ते डोंगराच्या नावानेच आलं. तिने सर्दीला लहानपणापासून वाफेत हेच घातलंय. "म्हणजे मी रोज हा डोंगर हुंगत होते," ती म्हणाली. ते वाक्य मी लगेच फोनमध्ये लिहून ठेवलं.

पिशव्या घरून न्या, कापडी. नीलगिरी जिल्ह्यात एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद आहे, पाण्याच्या बाटल्यासुद्धा, आणि तिथे ते मनापासून पाळतात, दुकानदार कागदात बांधून देतो नाहीतर हातात. आमच्याकडे स्टीलच्या बाटल्या होत्या, ठिकठिकाणी पाणी भरायची मशीनं आहेत, अडलं नाही. चहा घेताना घाई करू नका, दोन-तीन डब्यांतला चुरून, वास घेऊन घ्या, पावडर आणि पानाचा फार फरक आहे, आम्ही पानाचा घेतला आणि तो दूध न घालता प्यायचा असतो हे घरी आल्यावर पटलं. तोडा लोकांचं भरतकाम एका दुकानात बघितलं, पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळा दोरा, मी एक छोटी पिशवी घेतली.

शेवटी वर्कीचं दुकान. वर्की म्हणजे आपल्या खारीची चुलत बहीण म्हणा, पण गोल, कडक, पापुद्र्यापापुद्र्याची, चहात बुडवली तरी मध्ये कुरकुरीत राहते. आप्पांना दात नाहीत तरी त्यांनी दोन खाल्ल्या. पैसे देताना त्यांनी दुकानदाराकडे दोन रिकाम्या कागदी पिशव्या मागितल्या, वेगळ्या. मी विचारलं कशाला, म्हणाले, "असू देत." वयस्कर माणसांना पिशव्या साठवायची सवय असते, मी काही मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचं गार्डन ठरलं होतं. सकाळी आप्पा तयार होऊन दारात, टोपी, मफलर. म्हणाले, "तुम्ही बागेत जा, मी कुन्नूरला जाऊन येतो." एकटे! मी मुलांना नवऱ्याकडे सोपवलं आणि त्यांच्यासोबत निघाले, सकाळच्या डिझेलने खाली कुन्नूर. प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो, ऊन आलं होतं, आणि साडेदहाच्या पुढे खालून शिट्टी ऐकू आली. गाडी वर आली, लोक उतरले फोटो काढायला, आणि आप्पा गर्दीतून मागे इंजिनाकडे चालत गेले, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, तरी. ड्रायव्हर कालचाच होता. फायरमन दुसरा होता. आप्पांनी शबनममधून त्या दोन कागदी पिशव्या काढल्या, दोन्हीत चार चार लाडू, माकडापासून वाचलेले, आणि एकेकाच्या हातात दिली. ड्रायव्हरने पिशवी उघडून बघितलं, हात पँटला पुसले, तिथेच उभ्या उभ्या अर्धा लाडू तोंडात टाकला आणि फायरमनला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. मग त्याने आप्पांना पायरीपाशी बोलावलं. चढता येईना म्हणून एकाने वरून हात दिला, मी खालून आधार दिला, आणि आप्पा चढले. मिनिटभर उभे होते, फार तर दोन. पाण्याच्या काचेपाशी बोट नेऊन ते काहीतरी विचारत होते, मला खालून ऐकू येत नव्हतं, वाफेचा आवाज होता.